चुन्याच्या आत

क्लबाचं पत्र इंग्रजीत टाइप केलेलं होतं आणि त्यात भागोजी गोताडला कुठंही चोर म्हटलेलं नव्हतं. तेवढी सभ्यता त्या लोकांत असते. चोर न म्हणता चोरासारखं वागवायचं कसं, हे त्यांना शाळेतच शिकवतात बहुतेक. पत्रात एवढंच होतं की घाटाच्या शर्यतीत भाग घ्यायचा असेल तर गाडीत क्लबाचा निरीक्षक बसवावा लागेल. निरीक्षक नको असेल तर पायथ्यापासून माथ्यापर्यंतची सलग व्हिडिओ फीत शर्यत संपताच सादर करावी लागेल. फीत मधे तुटली किंवा चित्र दिसेनासं झालं, तर वेळ धरली जाणार नाही. यंदा, म्हणजे सत्याऐंशी साली, बेचाळीस गाड्या उतरणार होत्या. अट एकालाच होती.

"निरीक्षक घे बसवून," सखाराम म्हणाला. सखारामचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. दोन वर्षांपासून तो लग्नांची व्हिडिओ शूटिंग घेत होता आणि भागोजीला पत्र वाचून दाखवायला तोच बसला होता.

"पंच्याऐंशी किलोचा माणूस शेजारी घेऊन घाट चढू? आणि कोर्टात नेतात तसा? शेजारी हवालदार?"

"मग फिल्म काढावी लागेल."

"काढू."

"अरे, शर्यतीच्या गाडीतून इथं कोणी काढलीय फिल्म?"

"आपण काढू म्हणतो ना मी!"

भागोजीचं गॅरेज साळवी स्टॉपच्या अलीकडं होतं. मुंबईत नऊ वर्षं टॅक्सींच्या पोटाखाली झोपून तो शिकला आणि परत येऊन त्यानं हे उभं केलं. जुनी फियाट घेतली, मागची सीट काढली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, इंजिन स्वतःच्या हातानं असं उघडून बसवलं की ते त्या कंपनीच्या लोकांनाही ओळखू आलं नसतं. गेल्या वर्षी मुंबईच्या क्लबानं कोंडवीच्या घाटात पहिल्यांदा शर्यत भरवली. भागोजीनं घाट चार मिनिटं अकरा सेकंदांत मारला. त्याच्या मागचा गडी सहा सेकंद मागं होता, आणि तो गडी एका गिरणीमालकाचा मुलगा होता, गाडी बाहेरून आणलेली. माथ्यावर रत्नागिरीकरांनी भागोजीला खांद्यावर घेतलं. तासाभरानं खाली उतरवलं. सातव्या वळणावर त्याची गाडी चुना मारलेल्या दगडांच्या आतून गेली, रस्ता सोडून गेली, असा निकाल लागला. नाव खोडलं.

साक्ष दिली होती शिवानं. शिवा म्हणजे भागोजीच्याच वाडीतला, त्या घाटावरचा मैलकुली. गटारं उपसायची, खड्डे बुजवायचे, कडेच्या दगडांना चुना मारायचा, हे त्याचं काम. क्लबानं त्या दिवसापुरतं त्याच्या हातात निशाण दिलं होतं.

भागोजीनं दुसऱ्या दिवशी भर बाजारात शिवाची कॉलर धरली. "साहेबाच्या पुरीभाजीच्या पुडीला विकला गेलास रे मेल्या! खोटं बोललास!" तेव्हापासून शिवा बाजारात आला की कोणीतरी म्हणणारच, "आला, साक्षीदार आला." न्हाव्याच्या दुकानात त्याचा नंबर कधीच लागेना. भागोजीला यात काही वाईट वाटलं नाही. खोट्या माणसाची अशीच जिरली पाहिजे, हे तो वर्षभर, रोज, ज्याला त्याला सांगत होता.

आता फीत दाखवायची होती. एकदा का गाडी दगडांच्या बाहेरून गेलेली टीव्हीवर दिसली की साहेबांचंही तोंड बंद, शिवाचंही बंद. प्रश्न फक्त यंत्राचा होता.

यंत्रं दोन होती. एक भागोजीच्या चुलतभावाचं, बाळाचं. बाळा मस्कतहून सुट्टीवर आलेला. त्याच्याकडं नवाकोरा कॅमेरा होता, एकाच तुकड्याचा, फीत आतच. खांद्यावर घ्यायचा आणि बटण दाबायचं. अख्ख्या रत्नागिरीत तसा दुसरा नव्हता, आणि हे बाळा दर दहा मिनिटांनी सांगे. दुसरं सखारामचं, दोन तुकड्यांचं. कॅमेरा वेगळा, फीत फिरवणारी पेटी वेगळी, मधे बोटाएवढी जाड केबल. लग्नात सखाराम ती पेटी पट्ट्यानं खांद्याला लावून नवरदेवामागं पळे, तेव्हा त्याचा एक खांदा कायम खाली गेलेला असे.

"ह्यात विचार कसला करता?" बाळा म्हणाला. "माझा लावा. ह्या सखारामच्या पेटीवर धुणं धुवायचं."

"लाव बाबा," सखाराम म्हणाला. "मग बोलू."

बाळाचा कॅमेरा पिंजऱ्याच्या आडव्या पाइपाला बोल्टनं आवळला, काचेतून पुढचा रस्ता दिसेल असा. भाट्याच्या पुलावरून एक फेरी मारली. सुंदर चित्र आलं. बाळानं कॉलर ताठ केली. मग घाटात नेली. स्टुडिओत येऊन फीत लावली तर पडद्यावर पट्टेच पट्टे. रस्ता मधेच फाटे, वरचा अर्धा डावीकडं, खालचा अर्धा उजवीकडं. काही ठिकाणी नुसतं करडं वादळ.

"आत एक डबी असते," सखारामनं समजावलं. "भिंगरीसारखी फिरते. फीत तिला घासून जाते आणि चित्र उमटतं. त्या डबीला हिसका बसला की चित्र फाटलं. तुझा कॅमेरा पाइपाला आवळलेला, म्हणजे डबी पण पाइपालाच आवळलेली. माझं कसं, कॅमेरा हलला तर चित्र हलेल, फाटणार नाही. पेटीला तेवढं धक्क्यापासून वाचवायला पाहिजे."

"वाचवा," बाळा म्हणाला. "बघू कशी वाचवता."

वाचत नव्हती. पेटी गोधडीत गुंडाळून मागं ठेवली, ती चेंडूसारखी उडाली. काथ्याच्या गादीवर ठेवली, पुन्हा तेच. मग भागोजीनं चिडून ती जमिनीला पट्ट्यांनी करकचून बांधली, तर इंजिनाची थरथर थेट आत शिरली आणि चित्रावर मुंग्या चालल्या. शर्यतीला नऊ दिवस राहिले. भागोजी जेवत नव्हता. बायकोनं, मैनानं, डबा पाठवला की तसाच परत जायचा.

शेवटी ते सुटलं आनंदीबाईमुळं. आनंदीबाई मिरकरवाडा बंदरावरची. तिच्या लाँचचं इंजिन भागोजीकडं दुरुस्तीला होतं आणि ते वेळेवर मिळत नाही म्हणून ती रोज येऊन दारात बसून त्याला शिव्या घाली. त्या दिवशी शिव्या घालता घालता ती बराच वेळ गाडीकडं बघत राहिली.

"काय रे भाग्या, त्या पेटीत काय हाय? अंडी?"

"अंड्यापेक्षा नाजूक हाय, काकी."

"टेकवलास तर मार खाणार. बांधलास तरी मार खाणार. होडीत कंदील कुठं ठेवतात? बुडाशी ठेवतात काय? टांगतात. मुंबैला जाऊन एवढी पण अक्कल नाय आली तुला?"

दुसऱ्या दिवशी ती नायलॉनचं जाळं घेऊन आली. पेटीच्या मापाची झोळी तिनं तिथंच बसून विणली. झोळीचे चार कान पिंजऱ्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी टांगले, आणि पेटीनं झोके घेऊ नयेत म्हणून खालून पाचवी पट्टी जमिनीला ओढून धरली. कॅमेरा पाइपाला आवळला, पेटी अधांतरी राहिली. भागोजीनं गाडीच्या टपावर बुक्की मारली. गाडी थरथरली, पेटी नुसती श्वास घेतल्यासारखी हलली.

"आता माझं इंजिन," आनंदीबाई म्हणाली.

तिचं इंजिन त्याच संध्याकाळी पुरं झालं. पुढच्या दिवशी सकाळी भागोजीनं घाट मारला, सगळा जोर लावून. दुपारी स्टुडिओचं दार आतून लावून भागोजी, सखाराम आणि बाळा टीव्हीसमोर बसले.

चित्र फाटलं नाही. पायथ्याची पाटी आली, पहिलं वळण आलं, आंब्याच्या कलमांभोवतीचा दगडी गडगा आला. चित्र हलत होतं, पण सलग होतं, इतकं स्वच्छ की गडग्यावर बसलेला कावळा दिसला. भागोजी मांडीवर थापा मारत होता. "दाखव म्हणावं आता! कुठं फाटतंय दाखव!" चौथं वळण गेलं, पाचवं गेलं. सहाव्यानंतरचा चढ आला. मग सातवं.

सातवं वळण डाव्या हाताचं. डावीकडं डोंगर, उजवीकडं दरी. डोंगराच्या बाजूनं चुन्याचे पांढरे दगड लावलेले. गाडी रस्त्यानं गेली तर ते दगड चित्रात डावीकडून जायला हवेत.

ते उजवीकडून गेले.

फीत पुढं चालली, आठवं वळण आलं, नववं आलं. सखारामनं ती थांबवली, मागं घेतली, पुन्हा लावली. पांढरे दगड पुन्हा उजवीकडून गेले, एकामागून एक, सात दगड. गाडी दगड आणि डोंगर यांच्यामधल्या पट्टीतून गेली होती. संपूर्ण गाडी. चाक चुकून घासलं वगैरे काही नाही.

"पुन्हा लाव," भागोजी म्हणाला.

चार वेळा लावली. चौथ्या वेळी त्याला दगड दिसलेच नाहीत, स्टिअरिंगवरचे स्वतःचे हातच दिसले. कॅमेऱ्यात हात नव्हते, तरी दिसले. सहाव्या वळणातून बाहेर पडल्याबरोबर ते डावीकडं झुकतात, त्यांना कोणी सांगावं लागत नाही. नऊ वर्षांपूर्वी पावसात त्या वळणाची दरीकडची अर्धी बाजू खचली आणि धोंडू ड्रायव्हरचा ट्रक तिच्याबरोबर गेला. ट्रकला दोर लावायला जे उतरले त्यांत मुंबईहून नुकताच परतलेला भागोजी होता. धोंडूला त्यानंच बाहेर काढलं होतं. नंतर रस्ता बांधला, दगड लावले, चुना मारला. पण तोवर दीड वर्ष सगळी रहदारी डोंगराला चिकटून, गटार दाबून गेली होती, आणि नवा रस्ता झाल्यावरही कोणाच्या हातांना तो पटला नाही. विचाराल तर प्रत्येक ड्रायव्हर शपथेवर सांगेल की तो रस्त्यानंच जातो. भागोजीनं वर्षभर हेच सांगितलं होतं. आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच तर सगळी बोंब होती.

बाळानं घसा साफ केला. "दादा, एक सांगू? माझ्या कॅमेऱ्याची ती फीत आठव. सातव्यावर काय दिसत होतं?"

भागोजीनं त्याच्याकडं बघितलं.

"काही नाय दिसत. नुसतं करडं. तिथं खड्डा हाय, तिथं फाटतंच चित्र. दोन-तीन सेकंद. त्यांना म्हणायचं, यंत्र हाय, धक्का बसला. फीत तर सलग हाय ना? गाडी पायथ्याला दिसते, माथ्यावर दिसते. एवढ्याशा करड्यावरून अख्ख्या रत्नागिरीसमोर ते तुला पुन्हा खोडणार काय? हिंमत नाय व्हायची."

"किंवा बाहेरून जा," सखाराम म्हणाला.

"बाहेरून गेलो तर चार अकरा येतील?"

सखारामनं फीत पेटीतून बाहेर काढली. मग म्हणाला, "भागोजी, मी लग्नं शूट करतो. मांडवामागं कोण कोणाशी काय बोलतं ते सगळं माझ्या फितीत असतं. मला गप्प बसता येतं. तू सांगशील ते यंत्र लावून देतो."

भागोजी उठून गेला. जाताना दार एवढ्या जोरात आपटलं की समोरच्या शोकेसमधला एका नवरीचा फोटो पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटरसायकलनं सातव्या वळणावर गेला. त्याला दगड मोजायचे होते, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. तिथं शिवा चुन्याची बादली घेऊन उकिडवा बसला होता आणि तिसऱ्या दगडावर कुंचा फिरवत होता. भागोजीला बघून तो उभा राहिला नाही.

"दगड हलवलेस काय रे वर्षभरात?" भागोजीनं विचारलं. आवाज नेहमीचाच चढलेला.

"सिमेंटात हायत. हलवून बघ."

भागोजीनं खरोखर एका दगडाला लाथ घातली. दगड हलला नाही. पाय दुखला.

खालून एक टेंपो आला. वळणावर आला, आणि कोणी दोरीनं ओढल्यासारखा दगडांच्या आत शिरला, शिवाच्या पाठीला वारा लावून वर निघून गेला. शिवानं मान पण वळवली नाही.

"रोज असंच?" भागोजीनं विचारलं.

"सगळेच. बस काय, ट्रक काय. मी सायकल पण आतूनच काढतो. धोंडूला तू काढलास तेव्हा दोराचं दुसरं टोक माज्या हातात होतं."

भागोजी हे विसरला होता. दोन माणसं धरून होती दोर, एवढं त्याला आठवत होतं.

"मग हे साहेबांना का नाय सांगितलंस? की सगळेच आतून जातात?"

"त्यांनी विचारलं, गाडी चुन्याच्या आत गेली काय. मी म्हटलं, गेली. का गेली, ते कोणी विचारलं नाय." शिवानं कुंचा बादलीत बुडवला. "तू पण नाय विचारलंस. कॉलर धरलीस."

भागोजीला तिथंच त्याला एक थोबाडीत मारावीशी वाटली. खरं ऐकून जो राग येतो तो खोट्याच्या रागापेक्षा फार वाईट असतो, त्याला कुठं टाकायचं ते कळत नाही.

"शिमग्यात पालखीला खांदा लावायला गेलो तर वाडीनं हात धरून बाजूला केलान मला," शिवा म्हणाला. "माजा बाप वीस वर्षं लावत होता." मग त्यानं चौथ्या दगडाला हात घातला. बोलणं संपलं होतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आठला पायथ्याशी जत्रा होती. आठवड्याच्या बाजाराला येत नाहीत तेवढी माणसं. क्लबाचे सेक्रेटरी पांढरी टोपी घालून गाड्या तपासत होते. भागोजीच्या फियाटपाशी ते जरा जास्तच थांबले.

"सो, मिस्टर गोताड. निरीक्षक का फिल्म?"

"फिल्म."

"कुठला कॅमेरा?"

बॉनेटवर दोन्ही यंत्रं ठेवलेली होती. बाळानं आपल्या कॅमेऱ्याचे बोल्ट आधीच तेल लावून आणले होते आणि तो भागोजीच्या नजरेला नजर भिडवत होता. आजूबाजूला बाजारपेठ उभी होती. "भागोजीशेट, दाखवा त्यांना!" कोणीतरी ओरडलं. "साक्षीदाराला पण दाखवा!" लोक हसले.

भागोजीचा हात बाळाच्या कॅमेऱ्यावर गेला. तिथं थोडा वेळ राहिला. एवढ्या माणसांसमोर एक वर्ष पोसलेला शब्द होता, आणि तीन सेकंदांचं करडं वादळ तो वाचवणार होतं. कोणालाही कळलं नसतं. सखाराम मेला तरी बोलला नसता.

"सखाराम," भागोजी म्हणाला, "झोळी टांग."

"दादा!" बाळा पुटपुटला.

"टांग म्हणतो ना! आणि कॅमेऱ्याचं तोंड जरा खाली कर. कडेचे दगड दिसले पाहिजेत."

अकरावा नंबर आला. सखारामनं बटण दाबलं, लाल दिवा लागला, त्यानं दार लावलं. निशाण पडलं.

पहिली सहा वळणं भागोजीनं गेल्या वर्षीपेक्षा बरी मारली, हे त्याला घड्याळाशिवाय कळत होतं. मागं पेटी जाळ्यात डुलत होती. सहाव्यातून बाहेर पडला आणि हात निघाले डावीकडं. त्यानं ते उजवीकडं ओढले. हात ऐकेनात. अंगठ्यात कळ आली. समोर पांढरे दगड आले, मोठे होत गेले, आणि त्यांच्या उजवीकडं तो रस्ता, चांगला डांबरी, त्यावर आधीच्या दहा गाड्यांखेरीज एकाही टायरची खूण नाही, आणि त्याच्या पलीकडं नुसतं आभाळ. पायानं ब्रेक दाबला. त्यानं दाबला नव्हता, पायानं दाबला. गाडी दगडांच्या बाहेरून गेली. मागचं चाक दरीकडं सरकलं, खडी उडाली, खाली कुठंतरी ती पडल्याचा आवाज त्याला ऐकू आला असं वाटलं. एक निशाण आणि एक माणूस डावीकडून मागं गेला. मग आठवं वळण, आणि त्याच्या पाठीवरून घामाचा लोट.

चार मिनिटं अठरा सेकंद.

दुपारी निकाल लागला. गिरणीमालकाचा मुलगा पहिला, चार पंधरा. भागोजी चौथा. तो फीत हातात घेऊन माथ्यावरच्या सेक्रेटरींच्या तंबूत गेला.

"अरे, आता त्याची गरज नाही," सेक्रेटरी हसून म्हणाले. "चौथा नंबर आहे. कोण हरकत घेणार?"

"पत्रात लिहिलंय सादर करायची. सादर करतोय. बघा."

"टाइम नाही, मिस्टर गोताड."

"म्हणजे मी पहिला आलो तरच चोर?"

सेक्रेटरींचं हसू थोडं आखडलं. भागोजीनं फीत त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "आज मी बाहेरून गेलो, ते ह्यात हाय. गेल्या वर्षी आतून गेलो होतो. ते पण खरं होतं."

"वेल, आम्हाला माहीतच होतं ते."

"तुम्हाला घंटा माहीत होतं! शिवाला माहीत होतं. तुमच्या गेल्या वर्षीच्या निकालाच्या कागदावर त्याचं नाव तरी हाय काय? 'स्थानिक मजूर' लिहिलंय. त्याच्या जिवावर निकाल दिलात आणि त्याला बाजारात आमच्या तोंडी सोडून मुंबैला गेलात."

पण हे बोलतानाच त्याला कळलं की बाजारातलं तोंड आपलं होतं, साहेबांचं नव्हतं. तो तंबूतून बाहेर आला. शेजारी निवेदकाचा मंडप होता, माइक टेबलावर पडलेला, भोंगे माथ्यापासून खाली चौथ्या वळणापर्यंत झाडांना बांधलेले. त्यानं माइक उचलला.

"मी भागोजी गोताड बोलतोय," तो म्हणाला, आणि माथ्यावरची माणसं टाळ्या वाजवायला लागली. "वाजवू नका. गेल्या वर्षी सातव्यावर मी चुन्याच्या आतून गेलो होतो. मला माहीत नव्हतं. आता बघितलंय. शिवा खरं बोलला होता. खोटं मी बोललो, बाजारात बोललो, वर्षभर बोललो. तुमी पण माज्यासंगं बोललात."

टाळ्या थांबल्या. ट्रकवाल्यांच्या घोळक्यात एक-दोघांनी जमिनीकडं बघितलं. निवेदकानं त्याच्या हातातून माइक हळूच काढून घेतला आणि बक्षीस समारंभाची वेळ सांगितली.

रस्ता खुला झाल्यावर भागोजी एकटाच फियाट घेऊन उतरला. सातव्या वळणावर शिवा निशाणाची काठी सोडवत होता. भागोजीनं गाडी थांबवली, काच खाली केली.

"ऐकलंस?"

"भोंग्यातून अर्धं ऐकू आलं. वारा होता."

"परत सांगतो."

"मला कशाला सांगतोस? मला माहीत हाय." शिवानं काठी खांद्यावर टाकली. "वाडीत सांग. इथं वाडीचं कोण होतं?"

"सांगतो. बस गाडीत, आत्ताच जाऊ."

शिवा बसायला पुढं झाला नाही, मागं पण गेला नाही. तो जाळ्यात टांगलेल्या पेटीकडं बघत होता. एवढ्यात खालून चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक घरघरत वर आला. दोघांनी त्याच्याकडं बघितलं. वळणावर येताच तो डावीकडं झुकला, दगडांच्या आतून, डोंगराला घासत, धूळ उडवत वर निघून गेला. जाताना ड्रायव्हरनं भागोजीला ओळखून हात केला.